नवीन शिक्षण सेवक, नववीचे वर्ग: पहिल्या सत्रात हात कसा द्यायचा?

दुपारसत्र_पर्यवेक्षक
जूनमध्ये गणित आणि विज्ञानाचे दोन शिक्षण सेवक (सुरुवातीची तीन वर्षं ठरावीक मानधनावर काम करणारे नवे शिक्षक) रुजू होतायत. अनुदानित शाळा, तुकडीत साठेक मुलं. दिवाळीपर्यंत नव्या माणसाचा आवाज बसतो आणि मनही उडतं, हे नेहमीचंच. वेळापत्रक अजून पक्कं झालेलं नाही. नेमकं काय बदलावं?

खडूफळा
वेळापत्रकच बदला. एरवी नव्याच्या वाट्याला 'ड' तुकडी, मधल्या सुट्टीनंतरचे तास आणि वर गैरहजर शिक्षकांचे बदली तास. त्याऐवजी नववीच्याच दोन तुकड्या द्या. 'अ'चा तास, मग एक मोकळा, मग 'ब'चा. सकाळी फसलेलं उदाहरण त्याच दिवशी दुसऱ्यांदा जमतं, आणि धीर येतो तो तिथूनच, स्वागताच्या गुलाबपुष्पाने नव्हे. पहिल्या वर्षी दहावी नको. वर्गशिक्षकपद दिवाळीनंतर बघा.

भूमिती_४०_गुण
'समजलं का?' हा प्रश्न आधी बंद करायला सांगा. सगळी पोरं सुरात 'हो' म्हणतात, शिक्षक पुढे जातो, घटक चाचणीत पितळ उघडं पडतं आणि तो स्वतःलाच दोष देत बसतो.

३५ मिनिटांच्या तासिकेत शेवटची पाच मिनिटं राखायची. पाव कागद, एकच उदाहरण. समजा:

१५क्ष + १७य = २१
१७क्ष + १५य = ११

बेरीज करून क्ष + य = १ बहुतेकांना येतं. दुसऱ्यातून पहिलं वजा केल्यावर २क्ष − २य = −१० यायला हवं. तिथे २क्ष + ३२य दिसलं, तर पोराने वजा करायच्या ओळीत फक्त पहिल्या पदाचं चिन्ह बदललंय. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: बरोबर, चिन्हात चूक, कोरी. दहा मिनिटांचं काम. उद्याची सुरुवात कुठून करायची ते मधला गठ्ठा सांगतो. टाचणवहीत (रोजच्या पाठाच्या तयारीच्या वहीत) एवढं लिहिलं तरी पुरे, पानभर उद्दिष्टं कोण वाचतं?

दुपारसत्र_पर्यवेक्षक
पटलं. पाठ निरीक्षण कधीपासून करू?

खडूफळा
दुसऱ्या आठवड्यापासून, पण पहिली तीन निरीक्षणं लॉगबुकात, म्हणजे अधिकृत निरीक्षण वहीत, चढवू नका. 'आज फक्त फळ्याची मांडणी बघणार' असं आदल्या दिवशी सांगा, शेवटच्या बाकावर बसा, आणि त्याच दिवशी एकच गोष्ट बोला. पोरांसमोर चूक दुरुस्त केलीत, तर तो वर्ग त्याच्या हातून गेलाच म्हणून समजा. उलटंही करा: आठवड्यातून एकदा त्याचा तास तुम्ही घ्या आणि त्याला अनुभवी शिक्षकाच्या वर्गात बसवा.

मान्यता_प्रस्ताव
वरचं सगळं वर्गातल्या धीराबद्दल झालं. नोकरीवरचं मन ही वेगळी गोष्ट, दोन्हींची गल्लत नको. उत्तम शिकवणाराही इतर स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरत असतो. माध्यमिकला १ जानेवारी २०२३ पासून मानधन १८,००० रुपये, तेही तीन वर्षं. मूळ वेतन ३८,६०० त्यानंतर. ते तुमच्या हातात नाही. मान्यतेची फाईल मात्र आहे. वैयक्तिक मान्यता (नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी) आणि शालार्थ आयडी (ऑनलाइन वेतन प्रणालीतला क्रमांक) रखडले की मानधनच सुरू होत नाही, आणि माणूस तुटतो तो तिथे. नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, गुणपत्रकं, जात वैधता, बिंदुनामावलीची (आरक्षणानुसार पदांच्या यादीची) प्रत, सगळं पहिल्याच आठवड्यात जमवा. प्रस्ताव लिपिकाच्या भरवशावर सोडू नका. शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाचा आवक क्रमांक घ्या आणि त्याची एक प्रत त्या शिक्षकाच्या हातात द्या.