साक्षरता वर्ग: शिक्षिका बदलायची का?

बी-३०४: प्रौढ वर्गाची हजेरी घसरत चाललीय. शिक्षिका बदलून बघायची का?

ए-५०१: काका, आधी त्यांच्या पदरात काय टाकलंय ते बघा. अक्षरओळख नसलेले, सहीपुरतं येणारे आणि अडखळत वाचणारे, सगळे एकाच वर्गात. एकच धडा घेतला की काही कंटाळतात, काही बावरतात, आणि गळतात दोघेही. पहिल्या दिवशी प्रत्येकाची पाच मिनिटं चाचणी हवी: नाव लिहिता येतं का, सुटी अक्षरं ओळखतात का, न पाहिलेलं वाक्य वाचतात का. एका वेळी १०-१२ जण पुरे.

सी-१०२: शिवाय डी.एड., बी.एड. मुलांना शिकवायला तयार करतं. मोठं माणूस फळ्यापाशी चारचौघांत चुकलं की दुसऱ्या दिवशी त्याला नेमकं 'काम निघतं'. शेजारी बसून बरोबर अक्षर बाजूला लिहून द्यावं. लाल पेन नको.

बी-२०५: डोळ्यांचं काय? चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसतं. वही लांब धरणारा माणूस 'मठ्ठ' ठरतो आणि खापर शिक्षिकेवर फुटतं. आधी चष्मा, छापील अक्षर २० पॉइंटच्या वर, उजेड भरपूर.

बी-३०४: पण बाराखडी तर सगळे घडाघडा म्हणतात!

ए-५०१: तेच तर. ते पाठांतर झालं, वाचन नव्हे. ग, म, न ही तीन अक्षरं आली की लगेच मन, मग, नग, नमन, गगन वाचायला द्यायचं. काना आला की नाग, मान, मामा. 'भ' मात्र चार दिवस थांबवावा, 'म'शी घोळ होतो. घ-ध सुद्धा एका दिवशी घेऊ नयेत. ब्राझीलमध्ये १९६३ साली शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांनी अंजिकोस गावात सुमारे ३०० प्रौढांना लिहावाचायला शिकवलं, साधारण ४० तासांत. शब्द त्या लोकांच्याच जगण्यातले निवडले, आधी त्यावर चर्चा, मग शब्दाची फोड. शिक्षिकेला हे जमायचं तर एकदाच भाषण ऐकवून भागणार नाही. महिन्यातून दोन तास, कुणीतरी पाठ घेऊन दाखवायचा आणि मग त्यांनी घ्यायचा.

सी-१०२: रविवारी सलग चार तास घेण्यापेक्षा आठवड्यात चार दिवस एकेक तास. मधे सहा दिवस गेले की अक्षरं पुसली जातात. वेळ शिकणाऱ्यांना विचारून ठरवा, आपल्या सोयीने नको.

बी-३०४: मानधन वाढवलं तर?

ए-५०१: वाढवा, पण आधी वेळेवर द्या. आणि तयारीचा वेळ त्यात धरा. तीन पातळ्यांचं साहित्य तासाभराच्या वर्गाला निदान अर्धा तास खातं. तपासायला जाणारे हजेरीवहीवर सही ठोकून परततात. त्यांनी मागे बसून एवढंच मोजावं: तासात शिकणाऱ्यांनी स्वतः किती ओळी वाचल्या. शिक्षिकाच बोलत राहिली तर पद्धत बदला, शिक्षिका नव्हे.

बी-२०५: डोळे तपासणीची यादी मी करते. कोणाकडे जुन्या फ्रेम असतील तर सांगा.