अनुभव धागा: शुभवर्तमानातलं, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतलं, कोण तुम्हाला आपल्या घरातलं वाटतं?

कॅम्पवाली
परवा उपासनेत मार्कचा 9वा अध्याय वाचला. तो फीट येणारा मुलगा, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात, बाप त्याला येशूकडे घेऊन येतो. ऐकताना मी थेट खानापूरच्या आमच्या जुन्या घरात. धाकट्याला फीट यायची. शेजारच्या मावशी कांदा फोडून नाकाशी धरायला धावायच्या, कुणी चप्पल हुंगवा म्हणायचं. आई मात्र त्याला कुशीवर वळवायची आणि तोंडात काही घालू नका म्हणून ओरडायची, डॉक्टरांनी तेवढं पक्कं बजावलं होतं. रात्री गोळी, मग प्रार्थना. एकदा बाहेरगावचे एक प्रचारक घरी आले, म्हणाले बाई, तुमचा विश्वास कमी पडतोय. आई पदराला हात पुसत म्हणाली, "त्या पोराच्या बापाचा तरी कुठं पुरा होता? माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, असंच म्हणाला की. तरी पोरगं बरं झालंच ना?" ते चहा न घेताच गेले.
धाकटा अजून गोळ्या घेतो, शहापुरात दुकान चालवतो. त्या बापाचं नावही लिहिलेलं नाही. शिष्यांना काही जमलं नव्हतं, ते शास्त्र्यांशी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांशी, वाद घालत उभे. मला तो बाप आपला वाटतो. तुमचं कोण? कुठल्याही चर्चचे असा, चर्चचे नसलात तरी लिहा.

भाकरी_थापताना
मार्था. दुसरं कोण असणार!
लूक 10 मध्ये ही पाहुणचाराच्या कामात, आणि बहीण मरीया येशूच्या पायाशी ऐकत बसलेली. त्यावर प्रवचन आलं की आम्हा बायकांकडे बघून "मार्था होऊ नका". आणि उपासना संपल्यावर जेवण कोण वाढतं? योहान 11 कुणाला आठवत नाही. भाऊ कबरेत जाऊन चार दिवस झालेत, आणि ही गावाबाहेर जाऊन येशूला आधी सुनावते, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. मग तीच म्हणते, तुम्ही ख्रिस्त, देवाचे पुत्र. शिष्य पेत्र जे बोलला म्हणून त्याचं एवढं कौतुक, तेच की हे! मरीया तेव्हा घरातच बसलेली. कुकर झाला, येते

कॅम्पवाली
अक्का, हे आमच्या महिला मंडळात वाचून दाखवणार. तुमचं नाव न घेता.

निपाणीकर_दादा
वाचूलोय सगळं. मी वारकरी, गळ्यात माळ हाय. एक विचारू काय, राग मानू नका. आमच्यात गुरूला शोधत शिष्य जातो. तुमच्यात उलटं दिसतंय. कोळी जाळी टाकूलालेत तितं येशूच जाऊन चला म्हणालेत?

खानापूर_जुनं
होय दादा, उलटंच. तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हाला निवडलंय, असं योहान 15 मध्ये आहे. आणि निवडले कसले एकेक! चार तर कोळी. मत्तय जकातदार, म्हणजे लोकांच्या नजरेत सरकारचा माणूस. शिमोन जिलोत, तो रोमी सत्तेचा कट्टर विरोधक मानला जातो. दोघं त्याच बारा शिष्यांत. आपल्याकडे बेळगावात महाराष्ट्रात जायचं म्हणणारा समितीवाला आणि कन्नड संघटनेवाला एका पंगतीला बसवल्यासारखं.

निपाणीकर_दादा
हाहाहा. मग 1 नोव्हेंबरला, एकाचा काळा दिवस आणि दुसऱ्याचा राज्योत्सव, काय करत असतील?

खानापूर_जुनं
दोघं दोन होड्यांत.

वडगावचा_नातू
आमच्या घरात लूक 14 चालतो. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्च मोजा, पुरा करायला पैसे आहेत काय बघा. पणजोबांनी मोजला नव्हता म्हणे, किंवा मोजूनही केलं. बाप्तिस्मा घेतला आणि विहीर बंद. पणजी पहाटे अंधारात ओढ्यावर जायची. सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न दारावरून गेलं, बोलावणं नाही. लोक सरसकट म्हणतात मिशनऱ्यांनी धान्य दिलं म्हणून ख्रिस्ती झाले. बेळगावात लंडन मिशन 1820 साली आलं, 1904 ला काम मेथडिस्टांकडे गेलं, एवढ्या काळात कुणी धान्यासाठी आलं नसेल असं मी म्हणत नाही. पण आमच्या घरात आलं काय त्यापेक्षा गेलं काय याचीच यादी मोठी. आजोबा ती यादी हसत सांगायचे, पणजी कधीच हसली नाही.

भाकरी_थापताना
पणजीचं वाचून पोटात कालवलं.

निवृत्त_सिस्टर
मी डोळ्यांच्या वॉर्डात होते, मिशनच्या दवाखान्यात. मोतीबिंदूचं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडायची. खेड्यातून आलेल्या आज्ज्या, आजूबाजूला लेकी-सुना. आणि पट्टी सुटली की सगळे विचारणार, दिसतंय काय? बहुतेकींचं उत्तर एकच, "धुरकट". एका आज्जीनं तर सुनेलाच विचारलं, ही भिंत की तू? सुनेनं मनाला लावून घेतलं, ती वेगळी गोष्ट.
म्हणून मला बेथसैद्याचा आंधळा आवडतो, मार्क 8. येशूनं हात ठेवला, विचारलं काय दिसतं, तर म्हणाला माणसं दिसतात पण झाडांसारखी, चालणारी. मग परत हात ठेवला तेव्हा स्वच्छ दिसलं. येशूला दोनदा हात ठेवावा लागला असा दुसरा चमत्कार मला तरी आठवत नाही. आणि लगेच पुढं पेत्र म्हणतो तुम्ही ख्रिस्त. बरोबर ओळखलं. पण येशू दुःख सोसण्याचं बोलले की तोच पेत्र त्यांना बाजूला घेऊन दटावतो, आणि "सैताना, माझ्या मागे हो" ऐकून घेतो. पेत्राला पण धुरकटच दिसत होतं की तेव्हा! त्याला हाकललं नाही, मागे हो म्हटलं. शिष्याची जागा मागेच असते. वधस्तंभ उचलायचं बोलणं याच्यानंतर येतं. आमच्या डॉक्टरीणबाई भेटीच्या वेळेत हा उतारा नातेवाइकांना वाचून दाखवायच्या, म्हणजे घाई करत नाहीत.

कॅम्पवाली
सिस्टर, हे किती वेळा वाचलंय मी आणि असं कधी डोक्यात आलं नाही.

हिशोबनीस
विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे गरीब विधवेनं दानात टाकलेली दोन बारकी नाणी. ही गोष्ट नेमकी दान गोळा करायच्या आधी वाचतात. त्याच्या आधीचं वाक्य वाचा, मार्क 12:40. शास्त्री विधवांची घरं गिळतात. मी एका मंडळीचं ऑडिट बघितलंय, जास्त बोलत नाही.

वडगावचा_नातू
बोला की हो

हिशोबनीस
नको. पोराचं लग्न त्याच चर्चमध्ये आहे.

संतीबस्तवाडची
आम्ही कॅथलिक. उपवासकाळात दर शुक्रवारी क्रुसाची वाट असते, येशूच्या शेवटच्या वाटेवर ठिकाणाठिकाणी थांबून प्रार्थना. पाचव्या ठिकाणी कुरेनेकर शिमोन. शेतावरून येत होता बिचारा, शिपायांनी वेठीला धरला, क्रूस उचल म्हणून. त्याला कुणी विचारलं नव्हतं. सासूबाई अंथरुणावर आहेत, मलाही कुणी विचारलं नव्हतं. लोक म्हणतात तुझी श्रद्धा मोठी, म्हणून करतेस. काही मोठी बिठी नाही. त्यांना कूस बदलून देताना रोज चिडचिड होते माझी. पण मार्क शिमोनाच्या पोरांची नावं देतो, आलेक्सांद्र आणि रूफ. म्हणजे ज्यांच्यासाठी मार्कानं लिहिलं ते त्या पोरांना ओळखत असणार ना? बाप जबरदस्तीनं आला, पण पोरं राहिली म्हणायची. फादरना विचारलं तर हसले आणि म्हणाले शक्य आहे.

भाकरी_थापताना
अगं पाठीला पावडर लावतेस ना त्यांच्या? पाण्याची गादी मिळते भाड्यानं, मेसेज कर मला. जखमा होऊ देऊ नको.

संतीबस्तवाडची
करते अक्का. देव बरं करो.

पाऊसवाला
उशीर झाला यायला. माझा पेत्र, पण योहान 21 मधला. येशूला धरलं त्या रात्री अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी त्यानं तीनदा येशूला नाकारलं, आणि इथं किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव, वर मासळी भाजत ठेवलेली, आणि तीनदा प्रश्न, माझ्यावर प्रेम करतोस काय. त्याआधी न्याहारी दिली. रात्रभर काही मिळालं नव्हतं, मग जाळ्यात 153 मोठे मासे. मोजलेत बघा कुणीतरी.

निपाणीकर_दादा
मोजणारच. कोळी हाय तो.

हिशोबनीस
शेवटी एक हिशोब लागला.

वडगावचा_नातू
माशांवरून आठवलं, शनिवारच्या बाजारात बांगडा बघितला काय कुणी? भाव ऐकून परत आलो.

पाऊसवाला
जून-जुलै कारवार-गोव्याकडं बोटी बंद असतात, आता येतो तो बर्फातला. ऑगस्टपर्यंत सुकटीवर भागवा.

भाकरी_थापताना
सुकट माझ्याकडे आहे, मालवणहून वहिनीनं आणलेली. वडगावात येणार कोण ते सांगा, पाठवून देते.