अनुभव धागा : कॉलनीची, पेठेची सामायिक बाग

आमच्या जरगनगरातल्या ओपन स्पेसमध्ये दसऱ्यानंतर भाजीचे वाफे घालायचं ठरतंय. सतरा घरं तयार आहेत. गच्चीवर एकट्यानं चार कुंड्या सांभाळणं वेगळं आणि सतरा घरांनी एक जागा राखणं वेगळं, याची धास्ती आत्ताच वाटतेय. कोल्हापुरात ज्यांनी हे केलंय त्यांनी मोकळेपणानं लिहा. बाग बंद पडली असेल तर का पडली, तेही सांगा.

राजारामपुरीतून

आमची बाग सहा वर्षांची. दोन अपार्टमेंटच्या मधला तुकडा, वर्षानुवर्षं बांधकामाचा राडारोडा पडलेला. फावडं मारलं की खण्णकन वाजायचं. रोज सकाळी तासभर असा महिना गेला तेव्हा हातभर खाली काळी माती लागली. ट्रॉलीभर कुजलेलं शेणखत मिसळलं आणि थंडीत मेथी, पालक, चाकवत असं आलं की बघणारे थांबायचे.

मग एप्रिल आला. परीक्षा संपल्या, सगळे गावाला. पाण्याची जोडणी एकाच घरातून, आणि त्या घराला कुलूप. नऊ दिवसांनी मी परतले तर मिरचीची पानं हातात घेतली की चुरा होत होता. फक्त कढीपत्ता आणि शेवगा हिरवा होता, कारण कोपऱ्यावरच्या काकू तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून रोज त्या दोघांना घालत होत्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या आमच्या यादीतही नव्हत्या.

तेव्हापासून दोन घरांतून जोडणी, विटांच्या ओट्यावर पाचशे लिटरची जुनी टाकी, आणि फाटकावर वारांचा कागद. ज्याला जमणार नाही त्यानं आपला बदली माणूस स्वतः द्यायचा. वाफ्यांवर उसाच्या पाचटाचा वीतभर थर टाकतो, माती झाकलेली राहते आणि पाणी एक दिवसाआड पुरतं. वळवाच्या भरवशावर मात्र राहू नका. तुमची सतरा घरं दिवाळीत येतीलच. एप्रिलमध्ये कोण थांबणार ते आत्ता विचारा.

रमणमळ्यातून

आमचा त्रास उलटा, पाणी जास्त. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. नदीची पातळी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट, म्हणजे विचार करा. पूर ओसरल्यावर वाफ्यांवर मऊ, गुळगुळीत गाळ बसला होता आणि आम्ही मनातून खूश, नदीचा गाळ म्हणजे सोनं! शेजारच्या निवृत्त कृषी सहायकांनी थांबवलं. शहरातल्या पुरात गटारंही मिसळलेली असतात. त्यांच्या सांगण्यावरून सगळी पालेभाजी उपटून टाकली, एक काडी खाल्ली नाही. वाफसा आल्यावर, म्हणजे माती पेरणीजोगी सुकल्यावर, हिरवळीचं खत म्हणून ताग पेरला आणि फुलावर येताना तिथंच गाडला. खायचं पीक त्यानंतरच घेतलं. २०२१ ला पुन्हा तेच.

आता जून ते सप्टेंबर जमिनीत पालेभाजी लावतच नाही. दोडका, कारली पोत्यांत लावून उंच ओट्यावर ठेवतो, वेल मांडवावर. आणि बियाणं उंचावरच्या पाहुण्यांकडे. पहिल्या पुरात आमचं घेवड्याचं घरचं बी भिजून गेलं, आक्कांनी माहेराहून आणलेलं. तसा घेवडा पुन्हा मिळाला नाही.

शिवाजी पेठेतून

तालमीमागं आमची जागा. पोरांना हौद्याची माती उकरायची सवय, त्यामुळं खणण्याची चिंता नव्हती. भांडण झालं ते वांग्यावरून. लावायला दहा हात आणि तोडायला पहाटे एकच हात! बाग मोडायच्या बेताला आली होती. शेवटी ठरलं : कोथिंबीर, कढीपत्ता लागेल तेवढा कुणीही न्यावा. फळभाजी मात्र रविवारी सगळ्यांसमोर काट्यावर. प्रत्येक घराला वेगळा वाफा द्या असं काहीजण म्हणतात, पण मला पटत नाही. मग ते आपापलं परसच होतं.

ताराबाई पार्कातून

खताच्या वासाची तक्रार पहिल्या पंधरवड्यातच येणार, धरून चाला. आमच्याकडं ओला कचरा नुसता ओतला जायचा. आता एक बादली ओल्याला दोन बादल्या वाळका पालापाचोळा, आणि आठवड्यातून एकदा खालीवर. वास गेला, तक्रार करणारे भाऊ आता स्वतः पालापाचोळा आणून देतात.

जीवामृतही करतो, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत. २० लिटर पाण्यात १ किलो शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि मूठभर चांगली माती. सावलीत दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. काळपट गूळ चालतो, खायचा महाग गूळ वापरू नका.

एका बंद पडलेल्या बागेतून

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. आम्हाला परवानगी तोंडी मिळाली होती, "करा की, कोण विचारतंय". तीन वर्षांनी साहेब बदलले आणि एका सकाळी जागेवर जेसीबी उभा. दाखवायला कागद नव्हता. पपईला तेव्हा पहिली फळं लागली होती, ती तरी काढू द्या म्हटलं, तर दहा मिनिटं दिली. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, कॉलनीतल्या निदान तीन घरांत तिची प्रत ठेवा.

जरगनगरातून पुन्हा

सगळ्यांचे आभार. काल बैठकीत हे वाचून दाखवलं. तारेच्या कुंपणासाठी काढलेली वर्गणी आधी टाकीला लावतोय. अर्ज सोमवारी देतोय. एप्रिलसाठी हात वर करा म्हटल्यावर सतरापैकी पाच वर आले, त्यांचे वार लिहून घेतले.

चाकवताचं घरचं बी कुणाकडं असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन. आणि घेवड्याचंही. जमलं तर त्यातलं थोडं रमणमळ्याला पोचवायचं आहे.