चावी ऑन करून थांबल्याने ऑइल चढत नाही

काही जण सांगतात की बरेच महिने उभी असलेली गाडी चालू करण्याआधी चावी ऑन करून मिनिटभर थांबावं, म्हणजे ऑइलचं प्रेशर तयार होतं. तसं होत नाही. चावी ऑन केल्यावर जी घूं ऐकू येते ती पेट्रोलच्या पंपाची. ऑइल पंप बहुतेक गाड्यांत क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर चालतो. इंजिन फिरल्याशिवाय ऑइलचा थेंबही वर जात नाही.

म्हणून पेट्रोल इंजिन चालू होऊ न देता नुसतं स्टार्टरने फिरवायचं. आधी डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) ऑइल किती आहे ते बघा. मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, इग्निशन कॉइलचे (ठिणगीसाठी वीज देणारी) आणि इंजेक्टरचे (पेट्रोल फवारणारा) कनेक्टर सोडवा आणि स्पार्क प्लग काढून ठेवा. प्लग काढायचा आळस करू नका, कारण कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) नसलं की कोरड्या बेअरिंगवर भार फारच कमी येतो. स्टार्टर दहा सेकंदच मारायचा, मग मिनिटभर थांबायचं, नाहीतर तो तापतो. इंजिन भराभर फिरतं, प्लगच्या भोकांतून फस्‌फस्‌ हवा येते आणि दोन-तीन खेपांत डॅशबोर्डवरचा तांबडा ऑइलचा दिवा विझतो. तो फार कमी प्रेशरलाच विझतो, तेव्हा त्यानंतर आणखी एक खेप मारा.

इंजिन उघडून बांधलं असेल तर हे केलंच पाहिजे. तोंड वर करून उभा बसणारा ऑइल फिल्टर असेल तर तो आधी ऑइलने भरून लावा. रोजच्या गाडीला यातलं काहीच लागत नाही. फक्त चालू केल्या केल्या रेस करू नका.