थंडीत सायकलची हवा उतरली म्हणजे पंक्चरच असं नाही

‘रोज सकाळी हवा कमी दिसते, ट्यूब बदलू का?’ या प्रश्नावर: आधी तापमान बघा. घरात २० अंशांना भरलेली ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा बाहेर ० अंशांना साधारण ५५ दाखवते, गळती नसतानाही. ओल्या रस्त्यावर ते ५५ चांगलंच, पकड वाढते. फक्त टायरवर छापलेल्या किमान आकड्याखाली जाऊ नका, खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेमटते.

खरी काळजी ब्रेकची घ्या. ओली सायकल बाहेर राहिली की केबलच्या आवरणातलं पाणी गोठतं आणि दाबलेला ब्रेक सुटतच नाही. केबल मोकळी करून आवरणात पातळ तेलाचे ३-४ थेंब सोडा. निघताना दोन्ही ब्रेक दाबून, चाक फिरवून पाहा. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकत असतील तर चेन त्याच संध्याकाळी पुसा, नाहीतर गंजते.