मोरजी ते तेरेखोल: पक्ष्यांसाठी दोन दिवस, गाडीने

घाटावरचा_खंड्या
जानेवारीत दोन दिवस मांद्र्याला मुक्काम आहे. छापोरा आणि तेरेखोल या नद्यांमधला, तीन बाजूंनी पाणी असलेला गोव्यातल्या पेडणे तालुक्याचा कोपरा भाड्याच्या गाडीने बघायचा आहे. ओढ मुख्यतः कुरव (गल), सुरय (टर्न) आणि चिखल्यांची (प्लोव्हर). दुर्बीण ८×४२. मोरजीला किती वाजता पोहोचावं? गाडी कुठपर्यंत जाते? तेरेखोलला जाण्यात अर्थ आहे का?

सुकती_भरती
वाजता किती ते नंतर, आधी तिथी बघा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ निघते, म्हणजे द्वादशीला साधारण नऊ. गोव्यात ती मुंबईपेक्षा थोडी अगोदर पडते, तेव्हा नक्की वेळ मुरगाव बंदराच्या भरतीच्या कोष्टकातूनच घ्या. पक्ष कुठलाही असो, एकादशी ते चतुर्दशी या सकाळी उत्तम.

कारण असं की पूर्ण ओहोटीला पक्षी छापोऱ्याच्या चिखलात दूरवर पांगून चरत असतात. पाणी चढू लागलं की चिखल बुडतो आणि सगळे मोरजीच्या दक्षिण टोकाच्या वाळूच्या पट्ट्यावर गोळा होतात. भरतीच्या आधीचे दोन तास पकडा. ऐन मोठ्या भरतीला पट्टाच आकसतो, मग थवे उठून जातात. सकाळी सूर्य पाठीशी असतो. संध्याकाळी तोच डोळ्यांवर येतो, शिवाय माणसं आणि कुत्री असतात ती वेगळीच.

सरळ चालत थव्यावर जाऊ नका. तिरकं जा, मध्ये थांबा, खाली बसा. पक्षी माना ताणून उभे राहिले की तिथेच थांबायचं.

दुर्बीणवाला
चिखल्यांना ८×४२ चालेल, कुरवांना स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) हवाच. साडेनऊनंतर तापल्या वाळूवरची हवा थरथरते आणि ६० पट मोठं करूनही काही हाती लागत नाही, २०-३० पटच बरं.

हिवाळ्यात डोक्याच्या रंगावर जाल तर फसाल, कारण काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकंही तेव्हा पांढरं असतं आणि डोळ्यामागे नुसता डाग उरतो. पंख बघा. टोकाच्या काळ्या भागात पांढरे ठिपके आणि डोळा फिकट असेल तर तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पाचर आणि डोळा काळाभोर असेल तर काळ्या डोक्याचा. पल्लासचा कुरव आकारानेच वेगळा पडतो. पिवळ्या जाड चोचीवर टोकाजवळ काळा पट्टा दिसला की खात्री. सुरयांमध्ये चोच बघा: नारिंगी असेल तर लहान तुऱ्याचा, काळी आणि टोक पिवळं असेल तर सँडविच.

सडेकर
आता रस्त्याचं. म्हापसा, शिवोली, पूल ओलांडून चोपडे, मग मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल, केरी. पुलापासून केरीपर्यंत अंतर वीसेक किलोमीटर, पण मोरजी-हरमल पट्ट्यात रस्ता अरुंद आणि स्कूटर बेसुमार. दहाच्या आत हरमल पार करा.

गाडी वाळूवर अजिबात उतरवू नका. ती रुततेच, शिवाय किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा आहे. त्यात मोरजी आणि मांद्रे ही कासवांची अंडी घालण्याची जागा. वन खात्याने कुंपण घातलेल्या भागापासून लांबून चाला. भाड्याची गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात मिळते, पण पोलिसांनी अडवलं की दंड तुमच्या गळ्यात.

तेरेखोलला केरीहून फेरीबोट आहे. सुकती (ओहोटी) फार खाली गेली की फेरी कधी थांबते, म्हणून जेटीवर परतीचं विचारूनच गाडी चढवा. नाहीतर किरणपाणी-आरोंदा पुलावरून रेडीमार्गे वळसा पडतो आणि तो महाराष्ट्रातून जातो, त्यामुळे गाडी राज्याबाहेर न्यायला चालेल का हे मालकाला आधी विचारा. माझं मत: नुसत्या पक्ष्यांसाठी तेरेखोल नको. पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड केरीच्या बाजूनेही दिसतो.

सुकती_भरती
सडेकर, फेरीतून नदीचं मुख मधोमध बघायला मिळतं, ते कसं सोडायचं? गाडी केरीला ठेवून पायी चढा की झालं.

घाटावरचा_खंड्या
आणि तिथी जुळलीच नाही तर? तारखा बदलता येणार नाहीत.

सडेकर
भरती दुपारी पडत असेल तर सकाळी मोरजीचा नाद सोडा. मांडवी नदीतल्या चोडण बेटावर जा, रायबंदरहून फेरीने. सलीम अली अभयारण्य चोडणच्या जेटीला लागूनच आहे. ओहोटीला खारफुटीची मुळं उघडी पडतात, तेव्हा वाटेवरून चालत बघा. होडीने आतल्या फाट्यांत शिरायचं असेल तर मात्र पाणी चढायची वाट बघावी लागेल. खंड्यांसाठी होडीच बरी.

दुर्बीणवाला
किंवा जुन्या गोव्याजवळचं करमळीचं तळं. तिथे भरती-ओहोटीचा संबंध नाही. अडई, तलवार बदक, कमळपक्षी, सकाळी आठपर्यंत पोहोचा. खाऱ्या हवेतून आल्यावर काच आधी फुंकून किंवा ब्रशने झाडा आणि मगच पुसा, वाळूचा कण घासला की काचेवरचा लेप गेला.