कष्टकऱ्यांचं मत: जमिनीचं, जातीचं की आमदाराच्या चिठ्ठीचं?

सांतेर (प्रश्न):
गोव्यात १९६३ च्या पहिल्याच निवडणुकीत बहुजन समाजाने मगोला (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला) सत्तेवर बसवलं. ते मत जमिनीसाठी होतं की महाराष्ट्रातल्या विलीनीकरणासाठी? आणि आजचा कामगार कारखान्याच्या गेटवर लाल बावट्याखाली घोषणा देतो, पण मत त्या पक्षाला का देत नाही? अभ्यासवर्गासाठी नेमके मुद्दे हवेत.

कुळागर:
दोन्ही होतं, पण पाया जमिनीचा. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. पक्षाचा मुख्य मुद्दाच हरला. तरी मार्चमध्ये विधानसभेला मगो पुन्हा जिंकला, कारण १९६४ चा कूळ कायदा आणि गावागावांतल्या मराठी शाळा लोकांच्या डोळ्यांसमोर होत्या. मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जागेत घर करून राहणाऱ्याला, संरक्षण देणारा मुंडकार कायदा १९७५ चा, कुळाला जमिनीचा मालक करणारी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती १९७६ ची, दोन्ही मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या काळातली.

एक विसरू नका: मगोचे नेते आणि पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते. ते मत भाटकाराविरुद्ध होतं, कारखानदाराविरुद्ध नव्हे. कामगारांचा वेगळा पक्ष इथे रुजला नाही, त्याचं मोठं कारण माझ्या मते हेच.

डिचोलीकर:
त्याला जोडून. युनियन कामाच्या जागी असते, मत राहत्या जागी. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीतले कामगार फोंडा, केपे, सांगे, मुरगाव असे विखुरलेले असतात. एका मतदारसंघात त्यांची संख्या नगण्य. उलट ४० मतदारसंघांचं राज्य, प्रत्येकात जेमतेम पंचवीस-तीस हजार मतदार. आमदार प्रत्येक वाड्यावर ओळखीचा, सरकारी नोकरीसाठी शिफारशीची चिठ्ठी त्याचीच लागते. पगाराची सेटलमेंट युनियन करून देते, पण मुलाची नोकरी तिच्या हातात नसते. कंत्राटी कामगाराला तर युनियनही नाही.

खाणपट्ट्यात गुंता आणखी. खनिज वाहणारा टिपरवाला कर्ज काढून ट्रक घेतो, म्हणजे चालकही तोच, मालकही तोच. २०१२ ची बंदी आणि मार्च २०१८ ला पुन्हा थांबलेलं उत्खनन यांत हप्ते त्याचे थकले. त्यामुळे 'खाण सुरू करा' या मागणीत तो आणि खाणमालक एकाच मोर्चात चालले.

पेडणेकार:
डिचोलीकरबाब, चिठ्ठीचं राज्य चालतं ते फायली अडकल्यामुळे. मुंडकाराचंच बघा.

नाव मुंडकारांच्या नोंदवहीत चढलं म्हणजे घर आपलं झालं, असं लोक धरून चालतात. तसं नाही. मामलेदाराकडे खरेदीचा वेगळा अर्ज करावा लागतो. पंचायत हद्दीत घरासह ३०० चौरस मीटर, पालिका हद्दीत २०० चौरस मीटर जागेचा हक्क मिळतो. घरपट्टीची पावती मालकी देत नाही. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नाव यायला हवं.

फाईल अडते ती नोटिशीवर. भाटकार वारला की आपल्या नागरी कायद्याप्रमाणे सगळी मुलं, मुलीसुद्धा, वारस ठरतात आणि त्यांच्या नवरा-बायकोंचाही हक्क येतो. एक मुंबईला, एक पोर्तुगालात. एकाला नोटीस पोचली नाही की तारीख पुढे. अर्जदारच वारला तर त्याचे वारस दाखल करण्यापासून सुरुवात.

२०१४ च्या दुरुस्तीने कूळ खटले दिवाणी न्यायालयात नेले आणि दाव्यांना मुदत घातली, तेव्हा गावं का पेटली ते यावरून कळेल. ज्याचं नाव उताऱ्यावर चढलं त्याला चिठ्ठी लागत नाही. गृहिणींसाठीच्या गृह आधार या सरकारी योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये घरखर्चाला लागतातच, त्याबद्दल कुणाला हिणवू नका, पण ते दर महिन्याला सरकारच्या मर्जीवर असतात.

वर्गात उमेदवारांना विचारायचे प्रश्न: तालुक्यात मुंडकारांचे किती अर्ज पडून आहेत? गेल्या वर्षी खरेदीचे हुकूम किती निघाले? त्यांतली किती नावं एक-चौदावर चढली? तिन्ही आकडे लेखी मागा.